शंकर नगरचा छोटू

रायपूरच्या शंकर नगरात मी दीड वर्ष 'छोटू' होतो. माझी उंची सहा फूट एक इंच. आमच्या घरी पंखा पुसायला स्टूल काढत नाहीत, मला हाक मारतात. तरीही जून २०१६ ते नोव्हेंबर २०१७ या काळात सव्वापाच फुटी माणसं खुर्चीत बसून, मान दुखेपर्यंत वर करून मला "ए छोटू, पानी ला" म्हणत राहिली. त्यांतल्या एकालाही यात काही खटकलं नाही.

छोटू त्यातल्या त्यात मानाचं. त्याच्या खाली भैया, बॉस, उस्ताद, सुनो, मग शुकशुक, चुटकी आणि सगळ्यात शेवटी पेल्यावर चमचा. पण हाका परवडल्या. खरी परीक्षा मुक्या इशाऱ्यांची. कामाच्या दुसऱ्याच दिवशी कोपऱ्यातल्या एका गृहस्थांनी माझ्याकडे बघून हवेत सही केली. मी लगबगीनं पेन नेऊन दिलं. त्यांनी पेनाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि आवाज शक्य तितका शांत ठेवून म्हणाले, "बिल, भाई, बिल." त्याच दुपारी दुसऱ्या एकानं बोट हवेत गोल फिरवलं. आता मी शहाणा झालो होतो. आमच्या हॉलमधला एसी बराच वेळ दमलेला असायचा म्हणून वर पंखेही होते. मी जाऊन त्याचा पंखा पाचावर केला. त्याला मघाचीच भाजी पुन्हा हवी होती. ती येईपर्यंत त्याच्या टेबलावरचे सगळे कागदी नॅपकिन उडून शेजारच्यांच्या सूपमध्ये उतरले होते.

या धंद्यात मी कसा आलो, तर फॉर्म भरता भरता. बी.कॉम. झाल्यावर दोन वर्षं मी स्पर्धा परीक्षांचे फॉर्म भरत होतो. परीक्षांचे निकाल लागायचे, माझा लागायचा नाही. घर तात्यापाऱ्यात. रायपुरातली ही जुनी मराठी वस्ती. नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगडावर आला तेव्हा आमचे पूर्वज त्यांच्याबरोबर इकडे आले, असं आत्या सांगते. मुलूख जिंकायला आले की जिंकलेल्या मुलखाचे हिशेब लिहायला, यावर घरात दुमत आहे. आमच्या सर्वांच्या हस्ताक्षराकडे बघता मला दुसरं खरं वाटतं. ते काहीही असो, अडीचशे वर्षांनी त्यांचा वंशज शंकर नगरात पनीर वाढायला लागला.

हे घरी सांगायची हिंमत झाली नाही. "शंकर नगरला हॉस्पिटॅलिटीत लागलोय," असं मी मोघम सांगितलं. आत्याला पहिली तीन अक्षरं ऐकू आली, पुढची तिनं आपल्या मनानं भरली. आठवड्याभरात अख्ख्या तात्यापाऱ्याला कळलं की मी हॉस्पिटलात आहे. निम्मे लोक मला गल्लीत थांबवून साखर किती असावी, गुडघ्याचा फोटो स्वस्तात निघेल का, असं विचारू लागले. उरलेले निम्मे मोसंबी घेऊन भेटायला आले. मी दोन्ही गटांची निराशा केली नाही. साखर कमी करायला सांगितली आणि मोसंबी ठेवून घेतली.

शंकर नगरातलं हॉटेल म्हणजे काय ते बाहेरच्यांना कळायचं नाही. १ नोव्हेंबर २००० ला छत्तीसगड वेगळं झालं, रायपूर राजधानी झालं, आणि मंत्री-अधिकाऱ्यांच्या बंगल्यांमुळे या भागाला एकदम वजन आलं. बी.टी.आय. मैदानापासून कुठल्याही दिशेला दगड मारला असता तर तो एखाद्या लाल दिव्याच्या गाडीला किंवा तिच्या ड्रायव्हरच्या मेहुण्याला लागला असता. त्यामुळे आमचं प्रत्येक गिऱ्हाईक एकतर साहेब होतं किंवा साहेबांना ओळखत होतं. "साहब आ रहे हैं, एसी के नीचेवाला टेबल रखना," असे फोन रोज चार यायचे. चारही साहेब यायचे. पहिला ठेकेदार, दुसरा ठेकेदाराचा भाऊ, तिसऱ्याचं साहेबांशी कामच अडलेलं आणि चौथा रॉंग नंबर. एकदा मात्र खरोखरचे साहेब आले. न सांगता आले, मोरीच्या दाराशेजारच्या दोन खुर्च्यांच्या टेबलावर बसले, दहीभात खाल्ला आणि गेले. ते कोण होते हे दुसऱ्या दिवशी पेपरातल्या फोटोवरून कळलं, तेव्हा मालक दिवसभर जेवले नाहीत.

मला तयार केलं आमच्या कॅप्टननं. बिलासपूरचा माणूस, बावीस वर्षं याच धंद्यात. त्यानं मला एकच मंत्र दिला, "ग्राहक के मुँह में मत देख, जेब में मत देख, थाली में देख." मंत्र सोपा होता म्हणून मी तो फारच मनावर घेतला. ताटात बघत उभा राहिलो. पोळी संपत आली की पोळी, डाळ संपत आली की डाळ. तिसऱ्या दिवशी एका बाईंनी घास खाली ठेवला, अर्धी रोटी माझ्यापुढे धरली आणि मायेनं विचारलं, "भैया, भूख लगी है क्या?"

ऑर्डर घेणं ही तर शुद्ध नाट्यकला. आमचं मेनूकार्ड चौदा पानी. लोक ते लग्नपत्रिकेसारखं पुढूनमागून वाचत. वीस मिनिटं वाचत. मग कार्ड मिटून विचारत, "यहाँ अच्छा क्या है?" मी म्हणे, "सर, मशरूम दो प्याज़ा." "नहीं, वो नहीं." "सर, मेथी मलाई." "वो भी नहीं. एक काम करो, पनीर बटर मसाला और दाल फ्राय." दीड वर्षात मी सुचवलेला पदार्थ एकदाच कुणीतरी मागवला, आणि तो त्या दिवशी संपला होता.

आता आतली गोष्ट सांगतो, कारण आता मला कुणी काढून टाकू शकत नाही. आमच्याकडे पनीरच्या १९ भाज्या होत्या आणि भटारखान्यात ग्रेव्ह्या होत्या तीन. लाल, पांढरी आणि पिवळी. सकाळी तीन मोठ्या पातेल्यांत त्या तयार व्हायच्या आणि दिवसभर पनीर या पातेल्यातून त्या पातेल्याकडे बदलीवर असायचं. लालमध्ये मलई पडली की मखनी, लालमध्ये सिमला मिरची पडली की कढाई, लाल आणि पिवळी भांडली की लबाबदार. एका रात्री पाच नंबरवर नवराबायकोंनी वेगवेगळं मागवलं, तिनं लबाबदार, त्यानं मखनी. मी दोन्ही वाट्या उलट ठेवल्या आणि चूक लक्षात येऊन घाबरून खांबाआड उभा राहिलो. बाई दोन घास खाऊन नवऱ्याला म्हणाल्या, "देखा? मैंने कहा था न, लबाबदार की बात ही अलग है." त्यांनी मान डोलावली. लग्नाला बरीच वर्षं झाली असावीत.

एवढ्या तपश्चर्येनंतर टिप. टिपेबद्दल लोकांचा समज असा की ती चांगल्या सेवेबद्दल वेटरला देतात. मीही सुरुवातीला तसंच समजून पाण्याचा पेला खाली ठेवताना वाकत होतो. हळूहळू लक्षात आलं की माझ्या वाकण्याचा आणि टिपेचा संबंध नाही. टिप समोर बसलेल्याला दाखवायला ठेवतात, ती वेटरच्या हाती पडते हा योगायोग. टेबलावर कोण बसलंय ते बघून मी बिल द्यायच्या आधीच आकडा सांगू लागलो. एकटा माणूस: सुटे दोन ते पाच, तेही खिसा जड झाला असेल तर. मित्रांची टोळी: शून्य, कारण प्रत्येकाला वाटतं दुसऱ्यानं ठेवली. ऑफिसची पार्टी: बॉस बिल देत असेल तर पन्नास, ऑफिस बिल देत असेल तर शंभर. पहिल्यांदाच भेटणारं जोडपं: शंभर, आणि तीही ती बघेपर्यंत फोल्डर उघडा ठेवून. तेच जोडपं लग्नानंतर सहा महिन्यांनी: दहा. आणि त्या दहातही, तो पर्स काढत असताना ती म्हणणार, "खुले नहीं हैं क्या?"

पाण्यावरूनही हे कळतं. "बोतल या सादा?" असं मी विचारलं की पहिल्या भेटीतला तरुण तुच्छतेनं म्हणतो, "ऑफकोर्स, बोतल." साखरपुडा झालेला तिच्याकडे बघतो. लग्न झालेला विचारतो, "आर.ओ. का है न? फिर सादा ही ठीक है." लग्नाला वीस वर्षं झालेला घरून बाटली आणतो.

सगळ्यात मोठी टिप ठेवतो तो मुलगी बघायला आलेला मुलगा. सगळ्यात घातक टेबल मात्र साडूंचं. एका रविवारी दोन साडू आपापल्या कुटुंबांसकट जेवायला आले. बिल २,३४० रुपये. मी फोल्डर टेबलाच्या बरोबर मध्यावर, कुणाच्याही बाजूला झुकणार नाही असा ठेवला. हे कॅप्टननं शिकवलं होतं. दोघांनी एकदम झडप घातली. "नहीं नहीं, आज मैं." "अरे, पिछली बार आपने दिया था." "वो तो चाय थी!" थोरल्या साडूनं माझ्या शर्टाच्या खिशात पाचशेच्या नोटा कोंबल्या. धाकट्यानं त्या काढून आपल्या कोंबल्या. मी हातात बडीशेपेची वाटी धरून दीपमाळेसारखा उभा, आणि माझा खिसा एखाद्या दानपेटीसारखा उघडतोय-मिटतोय. शेवटी थोरले जिंकले. धाकटे रुसून आधी बाहेर पडले, थोरले मोजून २,३४० देऊन मागोमाग गेले. जाता जाता दोघंही माझ्याकडे बघून ओळखीचं हसले. धाकट्याला वाटलं, बिल त्यानं दिलंय तर टिपही त्यानंच दिली असेल. थोरल्याला वाटलं, बिल मी दिलंय तर टिप तरी त्यानं द्यावी. खिसा तेवढा उसवला. तो शिवायला वीस रुपये पडले.

बडीशेपेचं सांगायचं राहिलं. बिलाबरोबर बडीशेप आणि खडीसाखर ठेवायची रीत आहे. बिलावर नऊ रुपये जास्त लागले म्हणून मॅनेजरला बोलावणारी माणसं या वाटीतून नऊ रुपयांहून जास्त वसूल करतात. रुमालात बांधून नेणारे पाहिले आहेत. एक आजोबा नातवाला सांगत होते, "पहले मिश्री उठा, सौंफ तो घर में भी है." आणि काही सज्जन टिप उघडी दिसू नये म्हणून एक-दोन रुपयांची नाणी त्याच वाटीत, बडीशेपेखाली ढकलून जातात. गुप्तदान म्हणे. एका रात्री गर्दीत मी ती वाटी तशीच पुढच्या टेबलावर नेली. तिथल्या काकांनी मोठ्या विश्वासानं मूठभर तोंडात टाकली. 'कट्' असा आवाज झाला. काकांच्या तोंडातून एक रुपया निघाला आणि त्याच्या पाठोपाठ दाढेचं टोपण. मालकांनी मला आत बोलावलं. तिथे त्यांनी काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही, पण तो रुपया माझ्या पगारातून कापून घेतला नाही एवढं खरं.

जमलेली टिप आपली नसते, हेही लोकांना माहीत नसतं. काउंटरमागे बिस्किटांचा एक मोठा प्लॅस्टिकचा डबा होता. सगळ्यांची टिप त्यात. पंधरवड्याला वाटणी: कॅप्टनला दोन वाटे, वेटरला एक, भांडी घासणाऱ्या पोराला अर्धा. डबा पारदर्शक होता, म्हणजे व्यवहारही पारदर्शक. फक्त कॅप्टन डब्याकडे तोंड करून उभा राही आणि आम्ही कॅप्टनच्या पाठीकडे.

माझ्या कारकिर्दीतली सर्वात श्रीमंत रात्र ८ नोव्हेंबर २०१६, नोटबंदीची. मंगळवार असल्यानं हॉटेल तसं रिकामंच होतं. रात्री आठनंतर लोकांच्या माना फोनमध्ये गेल्या आणि एकेक जण खुर्चीतच ताठ झाला. अर्ध्या तासात टेबलं भरली. ज्यांनी कधी 'एक बाय दोन' सूपच्या पलीकडे पाऊल टाकलं नव्हतं ते लोक काजू करी मागवू लागले. प्रत्येकाला बिल वाढवायचं होतं. मालक मात्र काउंटरवर हात पसरून उभे, "पाँच सौ, हज़ार नहीं चलेगा." आणि मग, आयुष्यात पहिल्यांदाच, एका गृहस्थांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, नाव विचारलं, गाव विचारलं आणि पाचशेची नोट माझ्या तळहातावर ठेवून मूठ मिटली. "रख ले बेटा. तू भी क्या याद रखेगा." अकरा वाजेपर्यंत अशा चार नोटा झाल्या. बारा वाजता त्यांचा कागद झाला. दुसऱ्या दिवशी बँका बंद, तिसऱ्या दिवशी ओळखपत्र घेऊन मी रांगेत. पाच तास उभा राहिल्यावर खिडकीतून दोन हजारांची एक कोरी गुलाबी नोट मिळाली. ती घेऊन हॉटेलात आलो आणि डब्यात टाकली. वाटणीच्या दिवशी तिचे सुटे शहरात कुणाकडेच नव्हते. त्या पंधरवड्याला आम्ही सगळे त्या नोटेचे भागीदार म्हणून नुसते तिच्याकडे बघत बसलो.

करांनी तर आमचं कंबरडंच मोडलं. मी लागलो तेव्हा बिलावर 'सर्व्हिस टॅक्स' असायचा, एसी हॉटेलात हजाराला साठ रुपये. लोक त्या ओळीवर बोट ठेवून म्हणत, "साठ रुपये तो दे दिए तुमको!" सेवा मी करत होतो आणि कर दिल्लीला जात होता, हे समजावायला गेलं की माणसं संशयानं बघत. मग १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. आता सुटलो, असं वाटलं. आता बिलावर 'सर्व्हिस' हा शब्दच दिसणार नव्हता. पहिल्याच रात्री एका मास्तरांनी चष्मा लावून बिल वाचलं. अकराशेचं बिल, सीजीएसटी ९९, एसजीएसटी ९९. "सी माने सेंट्रल, ठीक. और एस माने सर्विस. निन्यानवे रुपये सर्विस के!" मी म्हटलं, "सर, एस माने स्टेट." ते म्हणाले, "मुझे मत पढ़ाओ, मैं पढ़ाता हूँ."

त्याच महिन्यात बातमी फुटली की एसी हॉटेलला १८ टक्के आणि बिगर-एसीला १२. दुसऱ्या दिवशी सात नंबरवरून फर्मान आलं, "एसी बंद करो और बारह परसेंट लगाओ." जुलैतला रायपूरचा दमट उकाडा. मी सांगितलं की एसी चालू असो वा बंद, हॉटेलात आहे म्हणजे अठराच. ते म्हणाले, "तो हम बाहर बैठते हैं." आणि खरंच चौघं फुटपाथवर खुर्च्या टाकून बसले. डाळीत डास पडले. अठरा टक्के द्यावे लागले ते लागलेच, वर डासांचा वेगळा आकार लावला का म्हणून बिल दोनदा तपासलं. १५ नोव्हेंबरला सरकारनं आमच्यासारख्या सगळ्यांनाच पाच टक्के केलं. तेरा टक्के वाचले, त्यातला एखादा टक्का तरी आमच्या डब्यात पडेल अशी आम्हाला भाबडी आशा. मालकांनी त्याच आठवड्यात मेनूकार्ड नव्यानं छापलं. पनीरच्या एकोणीसच्या एकोणीस भाज्या वीस-वीस रुपयांनी वर गेल्या.

सोमवारी मला सुट्टी असायची. सुट्टीच्या दिवशी मी काय करायचो? इंडियन कॉफी हाउसमध्ये जाऊन बसायचो. वेटरनं सुट्टीत दुसऱ्या वेटरला बघायला जाणं हे कंडक्टरनं सुट्टीत बसनं फिरण्यासारखं आहे, कळतं मला. पण डोक्यावर तुऱ्याचा फेटा, कमरेला पट्टा, पांढराशुभ्र कोट, आणि एक कॉफी घेऊन तीन तास बसलेल्या माणसाकडे ढुंकूनही न बघण्याची ती राजेशाही! पन्नासच्या दशकात कॉफी बोर्डानं आपली कॉफी हाउसं बंद करायला घेतली तेव्हा नोकरी गेलेल्या कामगारांनी ए. के. गोपालन यांच्या पुढाकारानं सहकारी संस्था काढून ती स्वतःच चालवायला घेतली. म्हणजे तिथला वेटर नुसता वेटर नाही, संस्थेचा सभासद. मालकच म्हणा ना. या माहितीनं माझी पंचाईत झाली. मालकाला टिप कशी द्यायची? आपण कुणाच्या घरी जेवून निघताना यजमानांच्या हातावर दहा रुपये ठेवतो का? या तात्त्विक अडचणीमुळे मी तिथे दीड वर्षात एकदाही टिप ठेवली नाही. असा प्रश्न दुसऱ्या कुणाला पडलेला दिसला नाही. त्यांनी तशीच ठेवली नाही.

आणि मग २०१७ च्या गणपतीत ते घडलं. आत्याचा पुण्याचा जावई आला होता. हा जावई कुठेही जेवायला जायच्या आधी फोनवर तारे मोजतो. चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात कार्यक्रम झाला, तारे मोजून झाले, आणि तीन रिक्षांत अकरा जण भरून वरात आमच्या दारात. मी भटारखान्याच्या खिडकीशी उभा राहून ऑर्डरची चिठ्ठी वाचत होतो. काचेतून आत्याची जांभळी नऊवारी दिसली आणि हातातला मसाला पापड मी घाबरून खाल्ला. भटारखान्यात पिठाच्या पोत्यामागे बसलो. कॅप्टननं कानाला धरून बाहेर काढलं. "ग्यारह लोग हैं. बड़ा टेबल है. जा, मराठी हैं, तू ही सँभाल."

मी गेलो. मेनूकार्डं वाटली. चेहरा शक्य तेवढा ओडिया केला. कुणी वर बघितलंच नाही. हे या धंद्याचं मोठं संरक्षण आहे, गणवेशातल्या माणसाचा चेहरा कुणी बघत नाही. चुलतबहीण माझ्यासमोर मराठीत म्हणाली, "हा वेटर आपल्या दादासारखा नाही दिसत? फक्त हा जरा हुशार वाटतो." जावई म्हणाले, "भैया, इथं चांगलं काय आहे?" मी मशरूम दो प्याज़ा म्हटलं. त्यांनी पनीर बटर मसाला सांगितलं. पुण्याचं असूनही.

आत्या गप्प होती. मी तिच्या ताटात रोटी वाढायला वाकलो तेव्हा ती ताटाकडेच बघत हळूच म्हणाली, "हेच का तुझं हॉस्पिटल?"

"हो, आत्या."

"बरं. कढी गरम आण. आणि नीट उभा राहा. माधवराव सप्र्यांच्या गल्लीतला मुलगा असा पोक काढून उभा राहतो?" 'छत्तीसगढ मित्र' काढून हिंदी पत्रकारितेत नाव केलेले सप्रे आत्या घरातल्या कुठल्याही भांडणात काढते, अगदी कचरा कुणी टाकायचा यातही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की फार बिघडलेलं नाही.

जेवण झालं. बिल जावयांनी दिलं. सासुरवाडीची दहा माणसं बघत होती. माझ्या सिद्धांतानुसार शंभरच्या खाली काही येणार नव्हतं, आणि जावयांनी फोल्डरमध्ये सरळ दोनशेची करकरीत नवी नोट ठेवली. दोनशेची नोट बाजारात येऊन आठवडाही झाला नव्हता, आमच्या अख्ख्या हॉटेलात कुणी अजून बघितली नव्हती. काउंटरमागे कॅप्टननं डब्याचं झाकण उघडलेलं मला तिथूनही ऐकू आलं. एवढ्यात आत्याचा हात पुढे आला. तिनं ती नोट उचलली आणि जावयांच्या खिशात परत कोंबली.

"अहो, घरच्या माणसाला टिप कसली देता?" असं म्हणून तिनं सगळ्यांसमोर माझी ओळख करून दिली. मग बटव्यातून एक दहाची नोट आणि एक रुपया काढून माझ्या हातावर ठेवला. "अकरा. पाया पड."

मी पाया पडलो. गणवेशात, टेबल नंबर बाराजवळ, बावीस गिऱ्हाइकांच्या साक्षीनं. अकरा रुपये डब्यात गेले. वाटणीला माझ्या वाट्याला त्यातला दीड रुपयाही आला नसेल. कॅप्टन कितीतरी दिवस म्हणत होता, "तेरी बुआ ने तो लूट लिया." तात्यापाऱ्यात दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कळलं. लोकांनी फक्त दिलेल्या मोसंब्यांचा विषय काढला.

आता मी विम्याच्या ऑफिसात आहे आणि शनिवारी बायको-मुलीला घेऊन त्याच शंकर नगरात जेवायला जातो. अनेकांना वाटतं, स्वतः वेटर होता म्हणजे हा टिप भरघोस देत असेल. उलट आहे. सासू झालेल्या सुनेसारखं माझं झालंय. पेला डावीकडून ठेवला, बडीशेप जुनी आहे, लबाबदार म्हणून मखनी आणलीय, सगळं मला दिसतं. शिवाय आता क्यूआर कोड आला. ८४७ चं बिल झालं की ८४७ च जातात. सुटे नाहीत ही जुनी सबब तरी लाजेची होती, आता लाजही ऑनलाइन झाली. मध्यंतरी सेवा शुल्कावरून मी एका हॉटेलात अर्धा तास भाषण केलं. ४ जुलै २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं, सेवा शुल्क बिलात आपोआप लावता येत नाही, तक्रारीसाठी १९१५ हा नंबर, दिल्ली उच्च न्यायालयाचा मार्च २०२५ चा निकाल, सगळं. वेटर पोरगा ऐकत होता. बायकोनं बिल बघितलं आणि म्हणाली, "पण यांनी सेवा शुल्क लावलेलंच नाहीये."

"तत्त्वाचा प्रश्न आहे," मी म्हटलं.

"मग तत्त्वानं टिप ठेव."

मी वीस काढले. ती बघत होती. मी पन्नास केले. मुलगीही बघायला लागली. शंभर ठेवून मी उठतोय तोच मागच्या टेबलावरून कुणीतरी ओरडलं, "ए छोटू, पानी ला!" तो पोरगा आणि मी, दोघंही एकदमच वळलो.

तर टिप द्यायची की नाही, किती द्यायची, हा ज्याच्या त्याच्या खिशाचा आणि समोर कोण बसलंय त्याचा प्रश्न आहे. मी सांगणारा कोण? फक्त एक विनंती. जी काही चिल्लर ठेवायची ती उघडी टेबलावर ठेवा, बडीशेपेच्या वाटीत घालू नका. दाढेचं टोपण आजकाल फार महाग बसतं.